तेवीस आणि तेवीस

लक्ष्मणरावांनी उभी हयात वजनमापे खात्यात काढली. ते अंबरपेठच्या बाजारात दिसले की भाजीवाले मापं लपवायचे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण नजर कुठली निवृत्त व्हायला! दूधवाला असो की व्याही, माणूस आधी चोर, मग बाकी काय असेल ते.

आणि आता तर घरातच चोरी चालली होती. वायफायची!

सून वृषाली घरूनच नोकरी करायची. तिच्या कंपनीनं फर्मान काढलं, की तीन दिवस दुपारी चारच्या ठोक्याला घरच्या वायफायचा स्पीड मोजून पाठवा. एकदा तरी चाळीसच्या वर गेला तर घरून काम चालू, नाहीतर सोमवारपासून ऑफिस. ऑफिस पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला. मुलगा पराग लगेच तिकडे फ्लॅट बघायला लागला. म्हणजे सात महिन्यांची लीलाही जाणार. आजोबांच्या मिशा ओढल्याशिवाय जिची सकाळ होत नाही, ती लीला.

लाइन पन्नासाची. पहिल्या दिवशी आले चोवीस, दुसऱ्या दिवशी तेवीस. वायफायवाला सकाळी येऊन बघून गेला. म्हणाला, "पूरे पन्नास येतायत साब, लाइन एकदम बरोबर आहे." मग चारलाच कसा माल निम्मा होतो? अन् वरच्या मजल्यावरचा भाडेकरू कुलदीप कॉलेजातून येतो कधी? पावणेचारला! लक्ष्मणरावांनी दोनदा पासवर्ड बदलला होता, पण ही पोरं काय, कुलपं हवेत उघडतात.

तिसऱ्या दिवशी साडेतीनलाच ते जिना चढून वर गेले आणि कुलदीप येताच त्याच्या दारात उभे राहिले.

"लाज वाटत नाही का रे? माझ्या नातीला घरातून काढायला निघालास!"

कुलदीपला आधी काही कळेचना. कळलं तेव्हा तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. "हौला झालोय का काका मी, डोकं फिरलंय का माझं? माझी लाइन वेगळी आहे, हे बघा," म्हणत त्याने आपलं कनेक्शन दाखवलं. मग विचारलं, "पण तेवीसच आले कशावरून? वहिनींनी नीट मोजलं का?"

"नीटच. मी स्वतः ताडून बघितलंय." लक्ष्मणरावांनी आवाज खाली आणला. खात्याची रीतच होती तशी. दुकानदाराच्या एकट्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, त्याच क्षणी आपलाही काटा लावायचा, म्हणजे हातचलाखीला वावच नाही. "ती तिच्या खोलीत मोजते ना, तेव्हा बरोबर चारला मी माझ्या फोनवर मोजतो. दार लावून. काल तिचे तेवीस, माझेही तेवीस. काटा अगदी जुळला."

कुलदीप बघतच राहिला. "काका, तेवीस आणि तेवीस किती?"

"शेहेचाळीस," लक्ष्मणरावांनी सवयीनं बेरीज सांगितली.

"हा काही तराजू नव्हे. मोजताना फोन सगळी लाइन खेचून बघतो. दोघं एकदम खेचाल तर निम्मं-निम्मंच येणार की! पण मला सांगा, दार लावून कशाला?"

वृषालीलाच कुकटपल्लीला जायचं असेल, म्हणून ती आकडा कमी सांगत असेल, असा संशय लक्ष्मणरावांना पहिल्याच दिवशी आला होता. चारला पाच मिनिटं होती. त्यांनी खिशातला फोन काढला आणि चोर म्हटलेल्या माणसाच्या हातात दिला.

"बंद कर. चार वाजून जाईपर्यंत देऊ नकोस मला."

ते खाली येऊन बाहेरच्या खोलीत बसले. रिकाम्या हातांचं काय करावं ते त्यांना सुचेना. चार वाजले. आतून वृषाली ओरडतच आली, "बाबा, सत्तेचाळीस! अय्या, पण हे झालं कसं?"

लीला तिच्या कडेवर होती. खोटं बोलायला वाव होता, वायफायवाल्याचं नाव घेतलं की काम भागलं असतं.

"मीच खात होतो गं," लक्ष्मणराव म्हणाले. "तुझ्यासोबतच मोजत होतो, चोरून. तू खोटं सांगतेस असं वाटलं मला."

वृषालीचा चेहरा उतरला. लक्ष्मणरावांची मान वर होईना. मग तिने लीलाला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"यापुढे चार वाजता हिला धरायचं," ती म्हणाली. "दोन्ही हातांनी."