डेंटर, डेंटिस्ट आणि धावती कवळी

गाडी चालली तर डेंटरला काय मिळणार होतं, ते आधी पाहून घेऊ. अंगणातलं पत्र्याचं शेड कायमचं त्याच्याकडे राहणार होतं. त्यात त्याचा सगळा संसार, म्हणजे हातोड्या, रंगाचे डबे आणि परक्या गाड्यांचे चेमटलेले दरवाजे. शेडमधला नळ राहणार होता. नळाला पाणी यायचं नाही, पण हक्क तो हक्क. आणि रोज जेवताना समोर बसून "मेहुणेबुवा, पुढचा विचार काय?" असं विचारणाऱ्या भाऊजींचं तोंड निदान त्या एका प्रश्नापुरतं बंद होणार होतं. जमेच्या बाजूला डेंटर ही बाब सगळ्यात वर धरत होता.

नाही चालली तर शेड खाली. मधली भिंत पाडायची आणि तिथं भाऊजींच्या दवाखान्याची दुसरी खुर्ची मांडायची, ती मागे रेलणारी, डोक्यावर दिवा असलेली. कारण भाऊजी डेंटिस्ट होते. गाडी चालली तर त्यांची जाहिरात होणार होती, नाही चालली तर खुर्ची येणार होती. असा दोन्ही खिशांचा सौदा त्यांना फार आवडायचा.

भिंतीच्या अल्याड डेंटिस्ट, पल्याड डेंटर. एकाच्या पाटीवर 'डेंटल', दुसऱ्याच्या पाटीवर 'डेंटिंग', आणि दोघांत मिळून फोन एक. तो ताई घ्यायची. ताई म्हणजे डेंटरची थोरली बहीण आणि डेंटिस्टची बायको. ती बोळात एका स्टुलावर बसून दोन्हीकडची माणसं वेगळी करायची. "डाव्या बाजूला मागं चीर गेलीय हो," असं कुणी म्हणालं, की तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "तुमच्या की गाडीच्या?"

एकदा ती बाजारात गेली असताना फोन डेंटरनं उचलला. पलीकडचा गृहस्थ म्हणाला, पुढचे दोन आत गेलेत, काय करावं लागेल? डेंटर म्हणाला, "घेऊन या. आतून लाकूड लावून चार ठोके दिले की येतील बाहेर. वरून रंग जुळवून देतो." तो गृहस्थ अजून तोंड दाबून हिंडतो, असं भाऊजींचं म्हणणं आहे.

भांडण मात्र रोजचं होतं. "मी हिरडीजवळ सुई नेली रे नेली की तुमचा हातोडा पडतो," भाऊजी म्हणायचे. "कालचा पेशंट गळ्यातल्या रुमालासकट पळाला."

"आणि माझं गिऱ्हाईक बंपरचा भाव विचारतं तेव्हा तुमच्याकडून कुणीतरी किंचाळतं," डेंटर म्हणायचा. "त्याला वाटतं, आधीच्याला भाव सांगितला असणार."

हातोड्यावरून नाहीतर दुसऱ्या खुर्चीपायी हे दोघं असे वाद घालत, तेव्हा ताई स्टुलावर बसून ऐकायची. स्टुलाला पाठ नव्हती. ताईला होती, आणि ती दुखायची. पण ही बाब हिशेबात धरायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

आता गाडीचं. शहरात दरवर्षी चित्रविचित्र गाड्यांचं प्रदर्शन भरायचं. मागच्या वर्षी पादत्राणांच्या दुकानदारानं दोन मजली बूट आणून बक्षीस नेलं. नंतर कळलं, की बूट ट्रकवरून आला होता आणि आत इंजिनाच्या जागी रिकामी खोकी होती. म्हणून यंदा नियम आला. गाडी स्वतःच्या दारातून निघून स्वतःच्या इंजिनावर थेट मंचावर चढली पाहिजे. ढकलली किंवा ओढली की बाद. मागून स्कूटरवर परीक्षक येणार.

भाऊजींनी कवळी करायची ठरवली. मोटारीएवढी, गुलाबी हिरड्यांची, पांढऱ्याशुभ्र दातांची, आणि वरच्या हिरडीवर दवाखान्याचं नाव. मंचावर पोचल्यावर तोंड उघडायचं आणि आतून भाऊजींनी हसत बाहेर यायचं, असा बेत. खाली एका म्हाताऱ्या व्हॅनची चाकं आणि इंजिन घालायचं. करणार कोण? पत्रा ठोकणारा माणूस घरातच होता. शेडची पैज तिथंच जेवताना लागली.

"पुढचे दोन दात लावू नका," डेंटर म्हणाला. "तेवढ्या फटीतून रस्ता दिसेल."

"दातांच्या दवाखान्याची जाहिरात, आणि पुढचेच दोन नाहीत?"

"मग गालाला दार ठेवू. काच बसवू."

"गालाला दार कुणाच्या असतं?"

"हिरडीला चाकं तरी कुणाच्या असतात, भाऊजी?"

भाऊजींनी ते ऐकलं नाही. ते दात मोजत होते. "अठ्ठावीसच आहेत. अक्कलदाढा कुठायत?"

"तिथं चालवणाऱ्याची सीट आलीय."

"म्हणजे?"

"म्हणजे अक्कलदाढेच्या जागी तुम्ही बसणार."

ही स्तुती की टोमणा, यावर भाऊजींनी थोडा विचार केला आणि स्तुती समजून पुढे गेले.

शेवटी तोडगा निघाला तो असा. वरचा जबडा मागच्या बाजूला दोन खिळींवर बसवला आणि त्याच्याखाली गाडी उचलायचा जॅक ठेवला. दांडा हलवला की जबडा वर, तोंड उघडं, समोर रस्ता. जॅक सोडला की तोंड बंद आणि आत काळोख. भाऊजींनी चालवायचं, डेंटरनं शेजारी बसून जॅक सांभाळायचा. आत शिरायचं तोंडातून, बाहेर यायचं तोंडातून.

ताईनं हे सगळं उभं राहून पाहिलं आणि म्हणाली, "थोडक्यात, ही दात काढील तेव्हाच हिला रस्ता दिसणार."

"चालते पण," डेंटर म्हणाला.

"थांबते का?"

"थांबते. पण थांबून बंद पडली तर धक्क्याशिवाय सुरू होत नाही. स्टार्टर मेलाय."

प्रदर्शनाच्या सकाळी परीक्षक यायच्या आधीच तिला अंगणात धक्का मारून घेतला. नियम दारापासून लागू होता. अंगणातला धक्का घरचा. परीक्षक आला, त्यानं चाकांखाली वाकून पाहिलं, आणि कवळी रस्त्याला लागली. पुढं लाल निशाण घेऊन ताई चालत होती. पाठीवर भावाची हत्यारांची पिशवी होती, कारण जबड्यात ती मावली नव्हती.

पहिली दोन वळणं झकास गेली. आ वासलेली कवळी रस्त्याकडे बघून अठ्ठावीस दात काढत होती आणि रस्ता तिच्याकडे बघून. न्हाव्यानं गिऱ्हाइकाच्या गालावर फेस तसाच ठेवून दारात येऊन पाहिलं. भाऊजी एका हातानं चाक धरून दुसऱ्या हातानं अभिवादन स्वीकारत होते. "मेहुणेबुवा," ते म्हणाले, "काही म्हणा, चालते."

तिसऱ्या वळणावर समोरून अंत्ययात्रा आली.

माणसं खाली मान घालून सावकाश येत होती. त्यांनी मान वर केली तर समोर मोटारीएवढं तोंड खदाखदा हसतंय, आणि वर दवाखान्याचं नाव.

"मिटा," भाऊजी पुटपुटले. "तोंड मिटा. लवकर."

लवकर म्हटल्यामुळं डेंटरनं जॅक एकदम सोडला. जबडा असा आदळला, की मागची खीळ वाकून तिथंच अडकली. शोकाकुल मंडळींना ते शोभलं. भल्यामोठ्या कवळीनं आदरानं तोंड मिटलं, असंच त्यांना वाटलं असावं. दोघातिघांनी तिला मान लववली. आत डेंटर दांडा हलवून हलवून घामाघूम झाला. जबडा हलेना.

"दातखीळ बसली," तो म्हणाला.

"हा शब्द तुम्ही वापरू नका. तो माझ्या धंद्यातला आहे."

"मग तुम्ही सोडवा."

मग भाऊजींना आपला दुसरा खिसा आठवला. "इंजिन बंद करावं झालं," ते म्हणाले. "दिसतच नाही, तर चालवायचं कसं?"

डेंटरनं मनात हिशेब केला. इंजिन बंद म्हणजे धक्का, धक्का म्हणजे बाद, बाद म्हणजे शेड गेलं. पण भाऊजींना तो काही आज ओळखत नव्हता. "करा बंद," तो म्हणाला. "लोक ढकलत घरी नेतील. वाट एकच आहे, तेव्हा जायचं ते अंत्ययात्रेच्या मागोमाग. वर तुमचं नाव आहेच, ठळक अक्षरात. मीच रंगवलंय."

भाऊजींनी पाय पेडलवरून काढला नाही.

एवढ्यात उजव्या गालावर आवाज झाला. टक. पत्र्याच्या पोटात तो असा घुमला, की दोघांच्या कानठळ्या बसल्या. ताईचं ओरडणं इंजिनाच्या घरघरीत ऐकू येत नव्हतं, म्हणून तिनं पायातली सँडल काढली होती आणि टाचेनं ती दात ठोकत होती.

"उजवीकडं वाजलं," भाऊजी म्हणाले. "उजवीकडं वळा म्हणते."

"छे. पत्र्याला उजवीकडून हाणलं की पत्रा डावीकडं जातो. आयुष्यभर तेच करतोय मी. डावीकडं घ्या."

भाऊजींना आपले पेशंट आठवले. दवाखान्यात तेही दातांवर असंच टकटक करत जात आणि दुखऱ्या दातावर ठोका पडला की पेशंट विरुद्ध बाजूला सरके. "आमच्याकडंही तसंच," ते जरा नाइलाजानं म्हणाले. "वाजलं तिथून लांब पळतात."

दोन्ही धंद्यांचं एकमत व्हायची ही पहिलीच वेळ. भाऊजींनी चाक डावीकडं फिरवलं आणि उजवीकडचा दिव्याचा खांब थोडक्यात वाचला.

तिथून पुढं मैदानापर्यंत ताईनं कवळी ठोकत ठोकत नेली. उजव्या दाढेवर ठोका की गाडी डावीकडं, डावीवर ठोका की उजवीकडं, पुढच्या दातांवर ठोका की ब्रेक. प्रत्येक ठोक्याला भाऊजी आत दचकत होते. "इतकं वाजतं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडं तर मध्ये भिंत आहे," डेंटर म्हणाला.

कवळी मैदानात शिरली, चढणीच्या फळीवरून हळूहळू मंचावर चढली, पुढच्या दातांवर ठोका पडला आणि ती थांबली. भाऊजींनी इंजिन बंद केलं. लोकांना दिसलं ते असं: सँडलच्या काळ्या टाचेचे डाग एकूण एक दातावर पडले होते. कवळी नखशिखांत किडलेली दिसत होती.

परीक्षकानं स्कूटर उभी केली आणि निकाल दिला. "स्वतःच्या चाकांवर आली. कुणी ढकलली नाही. ठोकली, पण ठोकू नये असं नियमात कुठं नाही. गाडी चालते."

आत काळोखात डेंटरनं डोळे मिटून शेड एकदा मनातल्या मनात झाडून घेतलं.

मग निवेदक कवळीसमोर आला आणि भोंग्यातून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आ करा."

कवळी मिटलेलीच.

"मोठा आ करा. घाबरू नका."

हे वाक्य भाऊजींनी जन्मभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं. दुसऱ्या बाजूनं ते कसं लागतं, हे त्यांना आज कळलं. डेंटरनं आतून हाक दिली, "ताई, खीळ अडकलीय. पुढचे दोन काढ. चार बोल्ट आहेत, पाना पिशवीत आहे."

ताईनं पाना काढला. पण बोल्टला लावला नाही. एका पायात सँडल, एक हातात, अशी ती कवळीच्या तोंडाशी उभी राहिली. "त्याआधी थोडं बोलायचंय," ती म्हणाली.

"घरी बोलू, अगं," आतून भाऊजी.

"घरी तुम्ही दोघं बोलता. सकाळी सुई चालेल, तेव्हा हातोडा बंद. दुपारनंतर हातोडा, तेव्हा सुई बंद. कबूल?"

"कबूल," दोन आवाज आले. एक जरा आधी, एक जरा नंतर.

"आणि दुसरी खुर्ची घ्यायची."

"ताई, शेड तर मी जिंकलं," डेंटर कळवळून म्हणाला.

"शेड तुझंच. खुर्ची माझ्या स्टुलाच्या जागी."

"अगं, ती खुर्ची दातांसाठी असते," भाऊजी म्हणाले.

"मला पाठीसाठी पाहिजे. तीच. मागं रेलणारी."

आत बरीच कुजबुज झाली. मग भाऊजी काहीतरी पुटपुटले.

"ऐकू नाही आलं. तोंड उघडून नीट बोला."

"तेच तर उघडत नाहीये," भाऊजी रडकुंडीला येऊन म्हणाले. "घेऊ खुर्ची. घेऊ म्हटलं ना."

ताईनं पुढचे दोन दात काढले. एवढ्या लोकांच्या देखत डेंटिस्टच्या बायकोनं दात काढले, म्हणून टाळ्या पडल्या. फटीतून आधी भाऊजींचं डोकं आलं, मग खांदे अडकले, आणि फोटो नेमका तेव्हाच निघाला. बक्षीस चहाच्या किटलीला गेलं. ती चालत होती, वळत होती, शिवाय वाफही सोडत होती.

आता कुणाला काय पडलं ते मांडू. डेंटरला शेड मिळालं, नळ मिळाला. त्याची सकाळ गेली, आणि सव्वीस दातांवरचे पोचे त्यानं फुकटात काढले. भाऊजींची जाहिरात झाली. तो फोटो शहरभर फिरला, आणि पेशंट तो पाहायला म्हणून येतात आणि दात दाखवून जातात. त्यांना खुर्ची पडली आणि पुढचे दोन दात पडले. ते परत बसवावेत असा त्यांचा आग्रह होता, पण त्या फटीतून रस्ता इतका छान दिसतो, की कवळी आता रोज चालते; रंगाचे डबे तिच्यातूनच येतात. तीन पायांचं स्टूल गेलं शेडमध्ये. जेवताना भाऊजी अजून "पुढचा विचार काय?" असं विचारतात, पण आता ताईला.

ताईला पडली ती एका सँडलची टाच. ती डेंटरनं पत्र्याची करून दिली. बोळातून चालताना ती टकटक वाजते, आणि ज्या बाजूनं वाजते त्या बाजूनं दोघंही मुकाट्यानं लांब सरकतात.