सहावं कोडं

वाचनालयात परत आलेल्या पुस्तकाची दुमडलेली पानं सरळ करायची, ही आकाराम मुळीकांची बावीस वर्षांची सवय. पान दुमडणाऱ्याला तोंडावर बोलायची धमक त्यांच्यात नव्हती. तो गेला, की मग एकेक कोपरा अंगठ्यानं दाबत बसायचे.

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यातल्या एका शनिवारी, दुपारी चारला, हंबीररावांनी बुद्धिबळाच्या कोड्यांचं जाड पुस्तक त्यांच्या टेबलावर आणून आदळलं. हंबीरराव उचगावच्या तालमीचे जुने पैलवान. गुडघे गेले तसे ते लाल मातीतून उठले आणि तालमीच्या माडीवर पट मांडून बसले. दुसऱ्या दिवशी त्याच माडीवर कोड्यांची स्पर्धा होती. भिंतीवरच्या मोठ्या फळ्यावर डाव मांडायचा. ज्याला उत्तर दिसेल त्यानं हात वर करायचा. दोन मिनिटं संपली की हंबीरराव कुस्तीतली शिट्टी फुंकणार. कोडी सहा. जास्त सोडवणाऱ्याला सांगलीच्या बुद्धिबळ सामन्यांना जाणाऱ्या संघातली उरलेली एक जागा.

हंबीरराव गेले आणि आकारामांनी पुस्तक उघडलं. सहा पानं दुमडलेली होती.

सहाच.

काय ते त्यांना लगेच कळलं. त्यांनी पहिला कोपरा सरळ केला, दुसरा केला. कोपरा दाबताना आकृतीवर नजर जाणारच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण उत्तरं पुस्तकाच्या शेवटी छापलेली होती, आणि तिथवर पानं काही आपोआप उलटत नाहीत.

तशी आकारामांना कोडी सुटायची. पण आपल्या वेळेनं. कधी चहा निवून जाईतो, कधी दोन दिवसांनी. समोर कुणी घड्याळ धरलं की डोक्यात नुसतं धुकं. सहा वर्षांत माडीवर त्यांचा हात एकदाही वर गेला नव्हता. "काका, झोपलासा काय?" असं दूधवाला गुंडू दरवेळी विचारायचा आणि माडी हसायची. एकदा, फक्त एकदा, आपला हात सगळ्यांच्या आधी वर जावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

पाचला संघप्रिया आली. गडमुडशिंगीची मुलगी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. बुद्धिबळ ती या वाचनालयातल्या पुस्तकांवरच शिकली होती, आणि ती पुस्तकं आकारामांनीच तिला निवडून दिली होती.

"काका, कोड्यांचं पुस्तक आलं काय?"

पुस्तक खणात होतं. "न्हाय अजून," आकाराम म्हणाले.

"बरं, सोमवारी बघू मग," म्हणून ती गेली. खण बंदच होता, तरी त्यांनी तो पुन्हा एकदा आत ढकलला.

रविवारी आकारामांनी पहिल्या पाचांतली दोनच कोडी सोडवली. उरलेली तीन संशय नको म्हणून जाऊ दिली. त्यातली दोन संघप्रियेनं घेतली आणि एक गुंडूनं. म्हणजे जागा कुणाची ते सहावं ठरवणार होतं. हंबीररावांनी हातातल्या चिठ्ठीत बघत फळ्यावर शेवटची सोंगटी लावली, आणि ते "चला" म्हणतात न म्हणतात तोच आकारामांचा हात वर गेला.

"वजिरानं राजासमोरचं प्यादं मारायचं. राजा वजीर खातो. त्याच उभ्या रांगेत हत्ती आणला की मात."

"बरोब्बर!" हंबीरराव गरजले. टाळ्या पडल्या.

"काका, आज काय खाऊन आलासा?" गुंडू ओरडला.

संघप्रिया मात्र उठून फळ्याजवळ गेली. "मात कुठं हाय? हत्ती आला की हा काळा उंट तिरका येऊन त्यालाच खातोय की. हितं तर घोड्यानं उंटच फुकट मिळतोय."

हंबीररावांनी चष्मा लावला. एकदा चिठ्ठी बघितली, एकदा फळा. "आयला! उंट एक घर इकडं लावला मी." त्यांनी तो सरकवला. "आता बघ. आता आकारामचं बरोबर."

सगळे हसले. गुंडूचं हसू मधेच थांबलं.

"पण काका, उंट चुकीच्या घरात व्हता तवाच तुम्ही उत्तर दिलासा. मग फळ्यावर बघितलासा काय?"

आकारामांचे कान तापले. हंबीररावांनीच त्यांना वाट काढून दिली. "वाचलं असंल रं कवातरी. पुस्तकातला किडा त्यो!" एवढ्यावर नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"काका," संघप्रियेनं हळूच विचारलं, "पुस्तक काल आलतं?"

"व्हय," आकाराम जमिनीकडं बघत म्हणाले. "तू यायच्या आधी. चारला. दुमडलेली पानं बघितली मी. मागची उत्तरं पण बघितली."

खाली तालमीत कुणीतरी शड्डू ठोकला, तो वर स्वच्छ ऐकू आला. गुंडूनं एका शब्दानंही टोचलं नाही. त्यानं टोचलं असतं तर बरं झालं असतं.

"घरी जा, आकाराम," हंबीरराव म्हणाले. "पोरीचं नाव लिव्हतो मी."

"नको," संघप्रिया म्हणाली. "सहावं कोडं नवीन घाला. ज्याला सुटंल त्याची जागा. काका पण बसू देत."

ही दया होती की शिक्षा, ते आकारामांना कळेना. उठून जायचं बळ नव्हतं म्हणून ते बसून राहिले. हंबीररावांनी आठवून आठवून एक डाव मांडला आणि मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरलं.

आकारामांनी फळ्याकडं बघितलं. सवयीनं धुक्याची वाट बघितली. ते आलंच नाही. प्यादं एक घर पुढं. ते मारावंच लागतं. मग घोडा मधे पडतो आणि राजा-वजीर एकदम कचाट्यात. त्यांनी एकेक सोंगटी पुन्हा तपासली. कुठं चूक नव्हती. अजून मिनिटभर तरी शिल्लक होतं.

हात गुडघ्यावर होता. तो उचलला तर कोण विश्वास ठेवणार? आणि ठेवलाच, तर या पोरीची जागा जाणार. तिच्यासाठी म्हणून आपण गप्प आहोत, असं त्यांनी मनाला सांगून बघितलं. पण ते स्वतःला ओळखून होते. सगळ्यांचे डोळे पुन्हा आपल्याकडं वळतील, याची त्यांना भीती वाटत होती. तिच्यावरची माया त्यानंतर.

संघप्रियेचे ओठ हलत होते. हंबीररावांनी शिट्टी तोंडात धरली. तेवढ्यात तिचा हात वर गेला.

"प्यादं पुढं!"

टाळ्या झाल्या, नाव लिहिलं गेलं. जिना उतरताना गुंडू आकारामांच्या बरोबरीनं आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "काका, खरं सांगा. ह्ये दिसलं व्हतं तुम्हास्नी?"

"न्हाय," आकाराम म्हणाले.

गुंडूनं मान हलवली. त्याला ते लगेच पटलं.