टिलव्याचे पाय

धम्मपालने चपला काढून हातात घेतल्या आणि तळ्याच्या ओल्या काठावर दबकत चार पावलं पुढे टाकली. मागे जागृतीने श्वास रोखला.

पक्षी उडाला नाही. आपल्याच प्रतिबिंबात चोच खुपसून तो काहीतरी वेचत राहिला. माघातलं धुकं डिंडोलीच्या घरांवरून उतरून पाण्यात मिसळलं होतं. तळं कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, कळत नव्हतं. पक्षी त्या दोहोंच्या मधे कुठेतरी, अधांतरी चालत होता.

आकार.

"कबुतराएवढा," जागृती मोबाइलवर टिपत म्हणाली. कॉलेजच्या पक्षीगणनेचा फॉर्म होता. तिचा चष्मा काल फुटला होता आणि फोटोत धुक्याचं नुसतं दूध आलं होतं. "पप्पा, दोनच पक्षी जुळतात. हिरवा टिलवा, नाहीतर लाल टिलवा. पाय बघून सांगा ने."

"एवढंच?"

"एवढंच. आख्ख्या सुरतेत तुमच्यासारखी नजर कोणाची आहे?"

पाय.

धम्मपाल हसला. पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये तो एकवीस वर्षांपासून कलर मास्तर होता. अकरा तऱ्हेचे काळे तो वेगळे काढून दाखवी. माल मागवणाऱ्या पार्टीने पाठवलेला तुकडा आणि मिलमध्ये रंगवलेला तुकडा शेजारी धरून त्याने मान हलवली, की मशीन सुरू.

मान हलवली, की.

गेल्या आठवड्यात मेहंदीच्या पानासारख्या हिरव्या रंगाचा सगळा माल परत आला. मशीनवरच्या लोटूने आधीच म्हटलं होतं, "मास्तर, हाई लाली मारी ऱ्हायनं." धम्मपालने त्यालाच झापलं होतं. माल परत आल्यावर त्याने आपला तुकडा पुन्हा खिडकीत नेऊन पाहिला. पार्टीच्या तुकड्याशी तंतोतंत जुळत होता. म्हणजे रंग मशीनवर बिघडला. तसं त्याने शेठला सांगितलं, अगदी खऱ्या मनाने. मास्तरच्या शब्दावर शेठ पुन्हा बघत नसे. लोटू त्या दिवसापासून घरी बसला होता. उद्या त्याच्या मशीनवर दुसरा माणूस येणार होता.

धम्मपालने डोळे बारीक केले. लांब, काटकुळे पाय. पाण्यातून उचलताना ते क्षणभर चमकत.

"हिरवे," तो म्हणाला. "मेहंदी. जरा उतरलेली."

"पक्कं?"

"मला विचारतेस?"

उडताना.

पक्षी ओरडला. तीन सूर, एकाखाली एक उतरत गेलेले. मग पंख उघडले आणि त्यांच्या मागच्या कडांना रुंद पांढरे पट्टे उमटले, साध्या साडीला विणून काठ लावावा तसे. दोन काठ हलत गेले, लहान झाले, धुकं त्यांच्यावर मिटलं. आवाज मात्र पाण्यावर राहिला.

"उडताना पंखावर पांढरं काही दिसलं?" जागृतीने मोबाइल नाकाशी नेला होता. "मागच्या कडेला पांढरा पट्टा असेल तर तो लाल टिलवा. हिरव्याला तसा नसतोच म्हणे. मला तर काहीच दिसलं नाही."

तळ्यावर त्या दोघांशिवाय कोणी नव्हतं. नाही म्हटलं की झालं. पक्षी हिरवा, पाय हिरवे, तुकडा बरोबर.

थंड चिखल त्याच्या बोटांमधून वर आला.

"पप्पा?"

"दिसलं," तो म्हणाला. "चांगलं रुंद होतं."

"मग पाय लाल होते!" जागृती हसत सुटली. "तुम्हाला हिरवे कुठून दिसले? म्हणे कलर मास्तर! थांबा, मम्मीला सांगते."

"सांग."

त्याने तिच्या ओढणीकडे पाहिलं. तिचा रंग विचारावासा वाटला. दगडावर बसून त्याने मोबाइल काढला आणि लोटूला लावला.

"झोपला होतास का रे?"

"आते कसानी झोप, मास्तर."

"उद्या घरी बसू नकोस. सकाळी माझ्याबरोबर मिलमध्ये चल. मला शेठशी बोलायचंय. तू समोर पाहिजेस."



"काय व्हयनं, मास्तर?"

"चूक मशीनवर नव्हती."

"मग?"

"उद्या सांगतो. तुझ्यासमोरच सांगतो."

त्याने मोबाइल खिशात टाकला. धुकं पातळ होऊ लागलं होतं. पलीकडच्या काठावरच्या घरांच्या भिंती एकेक करून बाहेर येत होत्या, झोपेतून उठल्यासारख्या. जागृती अजून हसत होती. त्याने तिला खुणेने जवळ बसवलं आणि बोटाने समोर दाखवलं.

"ती पहिली भिंत," तो म्हणाला, "कोणत्या रंगाची आहे, सांग बघू."