घटातली कांद्याची पात

घटस्थापनेच्या सकाळी कौसल्याकाकू रानातून रिकामी पाटी घेऊन परत आली. त्यांची न् आमची भिंत एकच, त्यामुळं तिचं बोलणं मला इकडं ऐकू आलं.

"आवो, घटापुरतीबी माती न्हाय रानात. नुसता मुरूम."

तिचे मालक, सावळारामतात्या, भिंतीकडं तोंड करून पडले होते. चार दिवसांमागं ओढा फुटला आणि त्यांच्या दीड एकराची काळी माती खरवडून घेऊन गेला. तेव्हापासून त्यांनी भाकरीला हात लावला नव्हता. पेजेच्या चार घोटांवर होते.

"ज्या देवीनं माती नेली तिचंच उपकार मानायचं व्हय?" ते म्हणाले. "यंदा घट न्हाय."

काकूचा रोजचा नेम. रानात पाय टाकायच्या आधी चिमूटभर माती कपाळाला लावायची आणि म्हणायचं, 'माये, तुझं खातो.' चाळीस वर्षांत चुकला नव्हता. आता लावायला माती उरली नव्हती.

"घट न्हाय बसला तर ह्येबी उठायचं न्हाईत," ती मला हळूच म्हणाली. "दादासोकडं चल माझ्यासंगं."

माती वाहून खालच्या अंगाला, बांधाशेजारच्या दादासोच्या रानात बसली होती, हे सगळ्या कन्हेरी गावाला ठाऊक. पण बांधावरून दोन्ही घरांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. नवरात्राचं अनवाणी चालणं. मुरूम टोचून काकूच्या टाचेतून रक्त येत होतं.

दादासो गाळात बसून हातानं कांद्याची रोपं उकरत होता.

"भावजी, पाटीभर माती पायजे. घटाला."

त्यानं मान वर केली नाही. "पाटीभर कशाला वहिनी? समदीच न्या. गुडघाभर बसलीया माझ्या कांद्यावर. ट्रॅक्टर लावा, चहा मी पाजतो."

काकूनं पाटी गाळावर टेकवली.

"आन् तुमचा बांधबी ह्यातच हाय कुठंतरी. तात्याला म्हणावं, ये, हुडकून घेऊन जा."

काकू वाकली. चिमूटभर गाळ कपाळाला लावून पुटपुटली, "माये, तुझं खातो."

दादासो तिच्या टाचेकडं बघत राहिला. मग उठला, फावडं घेतलं आणि पाटी स्वतः भरून दिली.

घट बसला. गहू पेरला. तात्यांनी कूस बदलली नाही. काकू रोज ताट वाढायची, झाकायची आणि दिवस मावळता गाईपुढं ठेवायची. दुसरी माळ गेली, तिसरी गेली, चौथीही गेली.

पाचव्या माळेला गव्हाच्या पिवळ्या कोंबांत एक हिरवीगार नळी वर आलेली दिसली. मी वाकून वास घेतला. कांदा. नऊ दिवस जो घरात शिजवायचा नाही, तो देवीपुढं उगवलेला. माझ्याच तोंडून गेलं, "काकू, उपटा आधी."

काकूनं हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे."

तात्या उठून बसले होते.

"दादासोचा हाय त्यो. त्याचंबी समदं गेलं."

भिंत धरत ते घटापाशी आले. तांब्यातलं पाणी घातलं आणि घटातली चिमूटभर माती अंगठ्यानं चोळून पाहिली.

"आपल्या वरच्या तुकड्यातली हाय," म्हणाले.

कपाळाला त्यांनी ती लावली नाही. डाव्या मुठीत धरून बसले. काकूनं ताट पुढं सरकवलं, तेव्हा उजव्या हातानं कोरभर भाकरी खाल्ली. डावी मूठ दिवसभर उघडली नाही.