दोन देवळं

घरात कुणाला भोवळ आली की आपण काय करतो? कांदा फोडून हुंगवतो, लिंबू उतरवतो, नाहीतर पित्त झालं म्हणून निजवून ठेवतो. येलदरीकडच्या एका धनगरवस्तीवर तर याहून भलतंच घडलं होतं.

भिवराबाईला ते दिवस अजून लख्ख आठवतात. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती ती. पूर्णेच्या काठी मेंढरं बसायची, लोकर कातता कातता बायकांच्या गप्पा रंगायच्या. बिरोबाच्या यात्रेत तिचा नवरा येडबा गळ्यात ढोल अडकवून असा नाचायचा की म्हातारी माणसंही उठून उभी राहायची. काय रुबाब होता गड्याचा! आठवलं की तिला आजही हसू फुटतं.

एका यात्रेत मात्र नाचता नाचता तो झोकांड्या खायला लागला. जीभ जड झाली. "मला दोन दोन देवळं दिसायलेत," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्याची बहीण कासाबाई हरखली. दादाच्या अंगात देव आला, देवाला दुसरं देऊळ पाहिजे, अशी तिनं हाळी दिली. सगळ्यांनी हळदीचा भंडारा उधळला, त्याच्या पाया पडले, ढोल आणखी जोरात घुमले. दिवस मावळायच्या आत येडबा गेला. वस्तीनं मोठ्या भक्तीनं दुसरं देऊळ बांधलं. भिवराबाईच्या मनात काहीतरी खुपत होतं, पण देवापुढं बोलायचं कुणी?

परवाच्या यात्रेत तिचा मुलगा रायभान, आता पन्नाशी ओलांडलेला, तसाच भेलकांडायला लागला. "आई, तू दोन दोन दिसायलीस," तो अडखळत म्हणाला. कासाबाई भंडाऱ्याचं ताट घेऊन पुढं झाली. भिवराबाईनं तिचा हात धरला.

"ढोल बंद करा. जीप काढा."

"वैनी, देवाला अडवू नका. दादाच्या अंगातला तोच देव हाय."

"देव उद्या बी हाय, कासाबाई. लेकरू गेलं तर कुठून आणू? त्याला उभं राहता येईना, बोलता येईना. नवरा गप बसून देवाला दिला म्या. पोरगं न्हाई देणार."

ढोल थांबले. जीप थेट शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेली. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकली होती. तोल, नजर, बोलणं, सगळं तिथंच बिघडलं होतं. डॉक्टरांनी मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर नेली आणि ती गुठळी ओढून काढली.

"वेळेत आणलंत, म्हणून हे जमलं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रायभाननं आईला ओळखून हात पुढं केला. भिवराबाईनं पदर तोंडाला लावला. तपासायला आलेल्या डॉक्टरांपुढं कासाबाई उभी राहिली. तिनं विचारलं, "डॉक्टरसाहेब, माझ्या दादाला बी हेच झालं व्हतं का?"

"झालं असेल. पण तेव्हा हा इलाजच नव्हता, मावशी. तुमच्या हातात फारसं काही नव्हतं."

कासाबाईचा बांध फुटला. जन्मभर ती मिरवत आली होती की आपल्या भावाला देवानं नेलं. "वैनी, दादा मदत मागत व्हता, अन् आमी त्याच्या पाया पडत व्हतो." भिवराबाईनं तिला जवळ घेतलं. इतक्या वर्षांत येडबासाठी त्या दोघी पहिल्यांदाच एकत्र रडल्या.

वाचकहो, देवावर श्रद्धा खुशाल ठेवा. पण एकाएकी तोल गेला, जीभ अडखळली, एकाचे दोन दिसू लागले, तर अंगारा-भंडारा मागाहून. आधी दवाखाना गाठा. कारण त्या घडीला देव बोलत नसतो, आपलं माणूस आपल्याला हाक मारत असतं.