नाकातून उगवलेला कान

ऑस्ट्रेलियातल्या बुरांगा गावाच्या सभागृहात शनिवारी दुपारी उभे राहायलाही जागा नव्हती. मेंढ्यांची लोकर कातरण्यात जन्म घालवून बहिरे झालेले अकरा जण पहिल्या रांगेत बसले होते. समोर ‘डॉक्टर’ रेनर. कोट कडक इस्त्रीचा. पदवी कुठली, हे कुणी विचारले नव्हते.

“नाकातल्या मूळ पेशी म्हणजे बियाणं! नाकातून काढायचं, कानात पेरायचं. बस्स!”

पहिल्या रांगेतल्या सत्तरीच्या मर्व्हच्या कानातले यंत्र रेनरने काढून ठेवले आणि पाठीमागून विचारले, “तुमच्या कुत्रीचं नाव काय?” मर्व्ह ढिम्म. मग मर्व्हच्या नाकात कापसाचा बोळा फिरला, नळीतल्या पाण्यात बुडाला, त्यातले चार थेंब कानात पडले. दहा मिनिटांनी रेनर समोर येऊन उभा राहिला.

“कुत्रीचं नाव काय?”

“टॉफी!”

सभागृह उसळले. मर्व्हचे डोळे भरून आले.

“आता हे यंत्र कचऱ्यात टाका,” रेनर म्हणाला. “आणि मंगळवारची ती सिडनीची कानाची शस्त्रक्रिया रद्द करा. कवटीला भोक पाडून घ्यायची हौस आहे का?”

त्या तारखेसाठी मर्व्ह दोन वर्षे थांबला होता. ती हुकली की पुन्हा रांगेच्या शेपटाला. तरी त्याने मान डोलावली.

तेव्हा डल्सी उठली. याच लोकांसोबत कातरणीच्या शेडमध्ये तिने तीस वर्षे लोकर निवडली होती. ती पुढे आली, पहिल्या रांगेकडे तोंड करून तिने ओठ हलवले. आवाज अजिबात काढला नाही.

अकराही जण उभे राहिले. मागचे लोक एकमेकांकडे बघत राहिले. ज्यांचे कान शाबूत होते, त्यांनाच काही ऐकू आले नव्हते.

“मी ‘उठा’ म्हटलं,” डल्सी म्हणाली. “यातल्या दहा जणांच्या नाकाला अजून कुणी बोटही लावलेलं नाही. कातरणीच्या यंत्रांच्या खडखडाटात आपण तीस वर्षं ओठ बघूनच बोलतो की रे! त्याला ऐकणं समजलात?”

तिने रेनरच्या हातातली नोंदवही घेऊन त्याच्या तोंडापुढे धरली. “विचारा आता.”

रेनरने विचारले. मर्व्ह वहीकडे बघत राहिला.

“पेशी रुजायला वेळ लागतो, बाई.”

“मघाशी दहा मिनिटांत पीक आलं होतं ना?”

मर्व्हने आपले यंत्र उचलून कानात बसवले. “डल्सी, मंगळवारी गाडी तू चालवशील?”

नाकातल्या पेशींवर संशोधन खरेच चालू आहे. प्रयोगशाळेत, उंदरांवर, सावकाश. तिथले शास्त्रज्ञ आपलेच निष्कर्ष पुन्हा पुन्हा तपासतात. रेनरने तपासणीची वेळ येताच कोट काढला आणि मागच्या दाराने गाडी गाठली. उद्या तुमच्या गावातही असा कुणी येईल. त्याच्याशी वाद घालू नका. फक्त सांगा: पाठीमागे उभा राहून बोल.