मोकळा वार

“एक दिवस म्हणजे नेमका कधीपासून कधीपर्यंत?” वजनकाट्यावर उभ्या उभ्याच स्मिल्यानाने विचारलं.

“सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत,” डॉक्टर नेवेना म्हणाली.

“आणि झोपच नाही आली तर?”

डॉक्टरने चष्म्यावरून पाहिलं. “ताई, तुम्ही आधी खाली उतरा.”

काटा एकशे चारवर गेला होता. मार्चमध्ये टेकडीच्या वाटेवर स्मिल्याना घसरली, गुडघा भोपळ्यासारखा सुजला, आणि पोस्टाच्या वरच्या साहेबांनी ठरवलं की पायी टपाल वाटणाऱ्याला डॉक्टरचा दाखला हवा. डॉक्टरचं म्हणणं स्वच्छ होतं. वीस डिसेंबरला नव्वद किलो, नाहीतर पुढची नेमणूक पोस्टाच्या खिडकीवर. मधल्या काळात आठवड्यातून एक दिवस मोकळा ठेवायचा, हवं ते खायचं, म्हणजे मन बंड करत नाही.

खिडकीवर बसणं ही काही शिक्षा नव्हे. आमच्या गावातल्या निम्म्या बायका त्या खुर्चीवर डोळा ठेवून आहेत. पण स्मिल्याना बावीस वर्षं टेकडीवरच्या वाड्यावस्त्यांना टपाल वाटत होती. कोणाची गाय व्याली, कोणाची सून रुसून माहेरी गेली, कोणाच्या घरची फळांची दारू, राकिया, यंदा कडक उतरली, हे तिला घरच्यांच्या आधी ठाऊक असायचं. खिडकीतून माणसांची नुसती डोकी दिसतात, ती कसली माणसं, असं ती म्हणायची.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. मिलोये दिवसाला दोन बुरेक, म्हणजे खिमा भरलेल्या तेलकट पुरणपोळ्याच, खाऊन काडीसारखा राहिलेला माणूस. तो म्हणाला, “शनिवार ठेव. शनिवारी मी मटण भाजतो.”

“तू गप्प बैस,” स्मिल्याना म्हणाली. पण शनिवारच ठेवला.

मोकळ्या वाराला कडाडून विरोध केला तो तिहोमिरकाकांनी. टेकडीच्या माथ्यावर, ग्राब नावाच्या वस्तीत, त्यांचं शेवटचं घर. बाकीची घरं कुलपं लावून खाली नाहीतर परदेशी गेलेली. काका चौतीस वर्षं रेल्वेत इंजिन चालवून निवृत्त झालेले. बायको, दारिंकाकाकू, फेब्रुवारीत वारली. मुलगा लिंझला, ऑस्ट्रियात.

“आठवड्यातून एक दिवस ब्रेक न लावता गाडी हाकायची!” काका कडाडले. “मला कोणी असं सांगितलं असतं तर?”

“तुमच्या गाडीत माणसं असायची काका. माझ्यात फक्त बुरेक असतो.”

“हसू नकोस पोरी. आत ये.”

त्यांनी तिला बटाट्याची पोती तोलायच्या काट्यावर उभं केलं, वजनं सरकवून सरकवून आकडा काढला आणि कोठाराच्या दारावर खडूने लिहून ठेवला. त्या दिवसापासून दर गुरुवारी हा सोहळा ठरलेला. टपाल असो वा नसो, स्मिल्याना चढ चढून यायची, पिशवी, बूट, कोट उतरवून पोत्याच्या जागी उभी राहायची, आणि काका नाकावर चष्मा चढवून वजनं सरकवायचे.

“कानातले काढ.”

“काका, कानातल्यांचं वजन ते काय?”

“रेल्वेत अंदाजपंचे काम चालत नाही.”

जुलैत शंभर झाले. ऑगस्टमध्ये अठ्ठ्याण्णव. सप्टेंबरच्या शेवटी पंच्याण्णव. त्या दिवशी काका इतके खूश झाले की त्यांनी शेजारच्या रिकाम्या घराकडे तोंड करून आकडा ओरडून सांगितला.

मग आला स्लावांचा हंगाम, आणि घात झाला.

स्लावा म्हणजे प्रत्येक घराण्याच्या आपापल्या संताचा दिवस. त्या दिवशी घराचं दार उघडं असतं. आमंत्रण कोणी देत नाही, द्यायचं नसतं. ज्याला ठाऊक आहे तो येतो, आणि आलेल्याला रिकाम्या तोंडी पाठवणं म्हणजे घराण्याच्या नावाला बट्टा. शहरातला माणूस वर्षाकाठी पाच-सहा स्लावांना जात असेल. स्मिल्यानाच्या वाटेवर दीडशेच्या वर घरं होती, आणि प्रत्येक घरात तिला जन्मापासून ओळखणारं कोणीतरी होतं.

तिने युक्ती काढली. मोकळा वार शनिवारीच असावा असं कुठे लिहिलंय? तो स्लावा येईल तसा सरकवायचा. मग एका आठवड्यात दोन संत आले. पुढच्या आठवड्यातला वार तिने आधीच वापरून टाकला. नोव्हेंबरात संत अर्खांगेलचा दिवस उजाडला तेव्हा ती एका दिवसात चार घरी जेवली. दिवस एकच होता ना, मग नियम कुठे मोडला?

त्या गुरुवारी काकांनी वजनं सरकवली, पुन्हा सरकवली. आकडा लिहिला. सत्त्याण्णव. ओरडले नाहीत, म्हणून स्मिल्याना जास्तच घाबरली.

“मला काय,” खडू खिशात टाकत ते म्हणाले. “तू खिडकीत बसलीस की नवा माणूस येईल गाडीवरून. खालच्या वळणावर पेटी ठोकेल, त्यात कागद टाकेल आणि जाईल. मी उतरून घेऊन येत जाईन. पाय शाबूत आहेत माझे.”

“काका…”

“दारिंका होती तेव्हा गोष्ट वेगळी होती. आता गुरुवारी तू येतेस, एवढंच. बाकीचे सहा दिवस मी रेडिओशी भांडतो.”

स्मिल्यानाने कानातले घातले, कोट घातला, आणि तिथेच मोकळा वार बंद करून टाकला. संत असो, शनिवार असो, काही नाही. घरोघरी ती प्रसादाचा चमचाभर ज़ितो तेवढा घ्यायची. उकडून कुटलेले गहू, त्यात अक्रोड नि साखर. त्याला नाही म्हणणं देवालाच नाही म्हणण्यासारखं. पण त्यापुढे ताट मांडलं की ही उठून दारात. बायका बोलायच्या, “आमच्या हातचं गोड लागेना वाटतं आता!” ती हसून पुढच्या घरी. मिलोयेने घरात मटण भाजायचं सोडलं, चुलतभावाकडे जाऊन खाऊन यायचा, आणि कोटाला येणाऱ्या वासावरून रोज पकडला जायचा.

अठरा डिसेंबरला काकांच्या काट्याने साडेएकोणनव्वद दाखवले. काकांनी आकड्याभोवती चौकट काढली. “परवा डॉक्टरकडे. उद्या दिवसभर चहावर राहा. उद्या काय आहे ते विसर.”

उद्या होता संत निकोला. आमच्या भागातल्या निम्म्या घरांचा संत तोच. काकांच्याही.

एकोणीस तारखेला घोट्यापर्यंत बर्फ पडलं. स्मिल्याना घराघरांत चमच्याच्या टोकावर ज़ितो घेत, हात जोडत, पाय काढत साडेबाराला ग्राबला पोचली. पिशवीत काकांच्या मुलाचं लिंझहून आलेलं शुभेच्छापत्र होतं. वाटेवर एकाही पावलाची खूण नव्हती. दार मात्र सताड उघडं.

काका उंबऱ्यातच आडवे आले. लग्नातला काळा सूट, टाय, गुळगुळीत दाढी. एका हातात ज़ितोची वाटी, दुसऱ्या हातात चमचा.

“स्लावा सुखाची होवो, काका!”

“होवो, होवो. हा चमचा घे. पत्र दे. निघ आता.”

“आत नाही बोलवणार?”

“उद्या तुझं वजन आहे.”

“नमस्कार तर करू द्या मेणबत्तीला.”

“इथूनच कर. मेणबत्ती काही चालत येत नाही, पण देवाला पोचतं.”

स्मिल्यानाने ज़ितो तोंडात घातला. साखर जास्त झाली होती, आणि गहू अर्धेच कुटलेले. पहिल्यांदाच केलेलं दिसत होतं. काकांच्या खांद्यावरून तिने आत डोकावलं. लांब टेबलावर काकूंची पांढरी चादर. बारा ताटं. मधोमध मेणबत्ती, बरीच खाली आलेली. नाताळाआधीच्या उपासात मासा चालतो, मांस-लोणी नाही; म्हणून तळलेला मासा रचलेला, भाजलेल्या घेवड्याचं मडकं, कोबीच्या पानांत भात नि अक्रोड गुंडाळलेला सारमा, पाव. बारापैकी एकाही ताटाला हात लागलेला नव्हता.

“कोण कोण येऊन गेलं?” तिने विचारलं.

“येतील. संध्याकाळी येतील.”

“काका, खालच्या प्रत्येक घरात आज निकोलाच आहे. ज्याच्या त्याच्या घरी पाहुणे आहेत. आणि काकू गेल्यावर तुम्ही स्लावा करताय हेच कोणाला ठाऊक नाही.”

“मग काय दवंडी पिटू? स्लावाला बोलावतात का कधी?”

नाही बोलावत. ते दोघांनाही ठाऊक होतं. यजमानाने त्या दिवशी बसायचंही नसतं, पाहुणे जेवेतो उभं राहून वाढायचं असतं. म्हातारा सकाळी सातपासून त्या बारा रिकाम्या ताटांसमोर उभा होता.  स्मिल्यानाने पिशवी खांद्यावरून काढली.

“काय करतेस?”

“बूट काढते.”

“स्मिल्याना, खबरदार! सहा महिने तोललंय तुला मी!”

“सरका.”

“नाही सरकणार. अगं, अर्ध्या किलोचाच वाव आहे! मासा खारट आहे, दिवसभर पाणी पिशील, ते सगळं काट्यावर दिसेल!”

“यजमान पाहुण्याला दारात अडवतो, हे मी गावात जाऊन सांगू का?”

ही मात्रा बरोबर लागू पडली. काका बाजूला झाले. स्मिल्याना मेणबत्तीपुढे गेली, क्रूसाची खूण केली, आणि दाराजवळची नव्हे, पाहुण्यांतली मानाची खुर्ची ओढून बसली.

काका अजून हातातली वाटी सोडत नव्हते. “म्हणजे आज तुझा मोकळा वार?” त्यांनी पडेल आवाजात विचारलं.

“मोकळा वार मी कधीच बंद केला. आज मी पाहुणी आहे. वाढा.”

काकांनी वाढलं. आधी चिमूटभर, भीत भीत. स्मिल्यानाने ताट पुन्हा पुढे केलं. मग ते सरसावले. मासा, घेवडा, सारमा, पुन्हा मासा. घेवडा तळाशी लागला होता आणि सारम्यात भात कच्चा होता. तिने दोन्ही गोष्टी सांगितल्या, कारण काकांना खोटी स्तुती आवडत नसे. काकूंच्या वेळी कसा असायचा यावरून दोघांचं भांडण झालं. काकूंनी एकदा निकोलाच्या दिवशी चुकून माशाला लोणी लावलं आणि उपास मोडल्याचं कोणालाच कळू दिलं नाही, ही गोष्ट काकांनी उभ्या उभ्या सांगितली आणि इतके हसले की हातातली वाइनची बाटली टेबलावर ठेवावी लागली. मग हसतच डोळे पुसले. स्मिल्यानाने तिसऱ्यांदा मासा मागितला. खरं तर तिच्या पोटात आता जागा नव्हती.

निघताना काकांनी कोठाराच्या दाराकडे पाहिलं सुद्धा नाही. “सांभाळून उतर,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता डॉक्टर नेवेनाच्या काट्याने एक्क्याण्णव किलो दाखवले.

“हे काय, ताई? परवाच तुम्ही फोनवर नव्वदच्या आत म्हणालात.”

“होते.”

“हे पाणी असेल. दोन दिवसांत उतरेलही. पण कागदावर मला आजचाच आकडा घालावा लागतो, तारीख साहेबांनी ठरवली आहे.” डॉक्टरला खरंच वाईट वाटलं होतं. “एक दिवस नाही का थांबता आलं?”

स्मिल्यानाने कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हाताऱ्याची रिकामी ताटं गावभर झाली असती. “नाही आलं,” ती म्हणाली. “पुन्हा कधी तपासाल?”

“जूनमध्ये.”

“मग जूनमध्ये भेटू.” तिने कानातले उचलले. रस्त्यावर आल्यावर मात्र ती बेकरीच्या भिंतीला टेकून थोडी रडली. मिलोये तिला न्यायला आला होता. त्याने तिची रिकामी पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली आणि दोघं घरी निघाले.

जानेवारीपासून ती तीन नंबरच्या खिडकीत बसू लागली. ग्राबच्या खालच्या वळणावर नव्या माणसाने पेटी ठोकली.

दुसऱ्या गुरुवारी अकराच्या सुमारास पोस्टाचं दार उघडलं आणि तिहोमिरकाका आत आले. बुटांना बर्फ, सूट तोच काळा. एक आणि दोन नंबरच्या खिडक्या मोकळ्या होत्या. दोन नंबरवरच्या स्लाव्कीने हाक मारली, “या आजोबा, इकडे या!” काकांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिसऱ्या खिडकीपुढे पाच माणसं होती, त्यांच्या मागे ते जाऊन उभे राहिले. नंतर पार्सल घेऊन एक बाई आली, तिला त्यांनी पुढे घातलं. मग काठी टेकत एक गृहस्थ आले, त्यांनाही.

नंबर लागला तेव्हा सव्वाबारा झाले होते.

“काय हवंय, काका?”

“एक तिकीट. ऑस्ट्रियाचं.”

“स्लाव्कीकडे मिळालं असतं की, तासाभरापूर्वी.”

“असेल.” त्यांनी काचेला नाक टेकवून तिच्याकडे नीट पाहून घेतलं. “किती?”

“नव्वद. काल सकाळी.”

काका समाधानाने हुंकारले. तिकीट पाकिटात ठेवलं. मागे रांगेत आता कोणीच नव्हतं, तरी ते खिडकीशी रेंगाळले नाहीत, कामाच्या वेळी माणसाला अडवू नये हे त्यांना रेल्वेने शिकवलं होतं. टोपी घातली, दार उघडलं, बाहेरून एक बाई येत होती तिच्यासाठी धरून ठेवलं, आणि ती आत आल्यावर चढाच्या दिशेने चालू लागले.